लिनक्स टाकणं खरंच अर्ध्या तासाचं काम आहे?

काटेकोर

धूमकेतू यांचा परवाचा सल्ला असा होता: "विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ तुमच्या मशीनवर बसत नाही, मग चांगलं मशीन भंगारात कशाला? लिनक्स मिंट टाका, अर्ध्या तासात मोकळे व्हा."

अहो, लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, मिंट तिचा एक प्रकार, आणि तिचा इन्स्टॉलर अर्ध्या तासात संपतो, हे मीही सांगेन. पण या वाक्यावर विसंबून कोणी पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर त्याने काय करायचं? इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत स्टोरेज कंट्रोलर कारखान्यातूनच रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या) मोडवर येतो. तो बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एएचसीआय या साध्या मोडवर नेला की लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड करायला त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये सेफ बूट चालू करायचं, रीस्टार्ट करताना मोड बदलायचा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, मग सेफ बूटची खूण काढायची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर हे सगळं करण्याआधी तो थांबवायचा, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसेल. ती कुठे लिहून ठेवली आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. हे सांगितल्याशिवाय "टाका" म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

धूमकेतू

मी ज्या मशीनबद्दल लिहिलं, ती इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची आहेत, म्हणूनच ११ ला चालत नाहीत. त्यांतल्या बहुतेकांत साधी साटा डिस्क असते आणि मोड आधीच एएचसीआय असतो. शिवाय विंडोज ठेवायचंच नसेल तर ते निळा पडदा दाखवतं की काय, याच्याशी कर्तव्य काय?

क्रम सोपा आहे. फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून तिची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलचा ठसा, साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहायची, कारण अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, तो इन्स्टॉलसाठी तयार करायला रूफस किंवा व्हेंटॉय हा प्रोग्राम. मग लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड आणि झाकण मिटल्यावर मशीन नीट जागं होतं का, एवढं तपासायचं. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय असेल तर ते बहुधा दिसणार नाही. फोन यूएसबीने जोडून इंटरनेट घ्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका.

ठिणगी

डिस्क दिसली, वायफाय लागलं, पुढे? कामाचं कोणी बोलतच नाही. लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरच्या ऑफिसमध्ये) कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो येतो, अक्षरांची रुंदी तीच, त्यामुळे ओळी हलत नाहीत. पण एक्सेलमधले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) अर्धेमुर्धे चालतात. फोटोशॉप नाही. व्हॅलोरंट हा गेम तर नाहीच, त्याचं अँटीचीट (फसवणूक रोखणारा प्रोग्राम) लिनक्सवर चालत नाही. प्रिंटर एअरप्रिंट जाणणारा असेल तर ड्रायव्हरशिवाय चालतो, जुना स्वस्त लेझर असेल तर आधी ड्रायव्हर शोधा, मग निर्णय घ्या.

आणि "लिनक्स टाकलं की मशीन पळायला लागतं" हे बंद करा. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप सुरू होताना एक जीबी रॅमच्या आत राहतो, मान्य. पण ४ जीबी रॅमवर ब्राउझर उघडला की तो फायदा संपतो. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घाला, तिने पडणारा फरक कुठल्याही सिस्टिमच्या फरकाहून मोठा असतो.

समांतर

म्हणूनच दोन्ही ठेवावं. मॅक्रोसाठी विंडोज, बाकी सगळं लिनक्स. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप तेवढं बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी हायबरनेटच असते, विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन (डिस्कचा भाग) अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं. "फाइल सेव्ह होत नाही" या तक्रारीचं मूळ अनेकदा हेच असतं.

धूमकेतू

ड्युअल बूट, म्हणजे एका मशीनवर दोन सिस्टिम, हा नवख्याला दिलेला सर्वांत वाईट सल्ला आहे. पार्टिशन लहान करताना घोटाळा, ग्रब या बूटलोडरचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) घोटाळा, आणि वर पाठिंबा संपलेलं विंडोज इंटरनेटवर उघडं ते उघडंच.

समांतर

एकाच डिस्कवर केलं तर घोटाळा. दोन डिस्क घ्या, विंडोजची काढून ठेवा किंवा बायोसमध्ये बंद करा, मग लिनक्स टाका. हे करायलाच हवं, कारण उबुंटू (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) आणि मिंटचा इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर पुष्कळदा पहिल्या डिस्कच्या ईएफआय (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींच्या) पार्टिशनमध्येच टाकतो. नंतर मशीन सुरू करताना एफ-१२ सारख्या बूट मेनूच्या कीने हवी ती डिस्क निवडा. कोण कोणाच्या वाटेत येत नाही.

काटेकोर

येतं. ऑगस्ट २०२४ चं विंडोज अपडेट आठवा. त्याने एसबॅटची (कोणते जुने बूटलोडर नाकारायचे, या नियमाची) नवी पातळी लावली आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम उघडू देणारी सोय) चालू असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स उघडेनासं झालं. ड्युअल बूटवर हे लागू होणार नाही असं सांगितलं होतं, तरी झालं. आणि ती पातळी डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या यूईएफआय (नव्या प्रकारच्या बायोस) व्हेरिएबलमध्ये असते. दोन काय, चार डिस्क लावल्या तरी उपयोग शून्य. जुना लाइव्ह पेनड्राइव्हसुद्धा त्या मशीनवर उघडत नव्हता. तुम्ही इतक्या ठामपणे "वाटेत येत नाही" लिहिता, वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो.

समांतर

एसबॅटचा मुद्दा घेतला, तेवढाच. उपायही लिहा ना मग: सिक्युअर बूट बंद करून लिनक्स उघडायचं, मोकयूटिल या कमांडने एसबॅटचं धोरण पुसायचं, रीबूट करायचं, सिक्युअर बूट परत चालू करायचं. एका वर्षातल्या एका अपडेटवरून सगळा मार्गच मोडीत काढणं मला पटत नाही.

ठिणगी

मोकयूटिल टर्मिनलमध्ये चालतं. ज्याला हे सुचेल, त्याला तुमच्या सल्ल्याची गरज नाही.

धूमकेतू

तेच म्हणतोय मी! एकच सिस्टिम ठेवा. आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी एक गोष्ट: सिक्युअर बूट चालू ठेवून ड्रायव्हर टाकला की पासवर्ड विचारला जातो, आणि पुढच्या रीबूटला निळ्या पडद्यावर (हा बिघाडाचा नव्हे) "एनरोल मॉक", म्हणजे मालकाची सही-किल्ली नोंदवा, हे निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. तो पडदा थोडा वेळच थांबतो. हुकला तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक लिनक्सला नावं ठेवतात.

काटेकोर

म्हणजे बॅकअप, बेरीज, लाइव्ह तपासणी, ब्रॉडकॉम, मॉक. तुमच्याच यादीने अर्धा तास केव्हाच ओलांडला. जुन्या मशीनवर पूर्ण डिस्क पुसून मिंट टाकणं हा बरा मार्ग आहे, एवढं मी मानतो. वेळेचा आकडा मात्र बदला.

समांतर

माझं मत कायम आहे. दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी राहिलेलं सांगतो: लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळाला यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) समजतं, विंडोज स्थानिक वेळ. सिस्टिम बदलली की वेळ काही तासांनी चुकते आणि मग ब्राउझर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्रही नाकारू शकतो. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगा, मदरबोर्डची बॅटरी बदलत बसू नका.