समिती स्वयंसेवी असेल, तर इतिवृत्त आणि जमाखर्च मागण्याचा हक्क कोणाला?

प्रश्न — प्रभागचिटणीस

आमच्या प्रभागात अकरा नागरिकांची एक समिती गेली सात वर्षे काम करते आहे. क्षेत्रीय कार्यालयाने पत्र देऊन तिला मान्यता दिली असून, दर महिन्याच्या बैठकीला त्या कार्यालयाचा एक अधिकारी हजर असतो. पदपथाची दुरुस्ती, दिव्यांच्या जागा, कचरा उचलण्याची वेळ अशा किरकोळ कामांची शिफारस आम्ही करतो, आणि एक लहान उद्यान देखभालीसाठी आमच्याकडे आहे. महापालिकेकडून आम्हांला एक रुपयाही मिळत नाही. उद्यानाचा खर्च परिसरातील दुकानदारांच्या वर्गणीतून भागतो आणि बैठकीतला चहासुद्धा ज्याच्या घरी बैठक त्याच्या खिशातून होतो. चार वर्षांपासून मी या समितीचा चिटणीस आहे.

दोन महिन्यांपूर्वी एका रहिवाशांनी लेखी पत्र देऊन तीन वर्षांची इतिवृत्ते, वर्गणीचा जमाखर्च आणि एका विशिष्ट निर्णयाची माहिती मागितली. सातव्या गल्लीतील तुंबणारे गटार सोडून चौथ्या गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसवण्याची शिफारस कोणी आणि का केली, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्र बैठकीत वाचले तेव्हा पहिली प्रतिक्रिया अशी आली की, ‘आपण काय पगार घेतो, म्हणून उत्तर द्यायचे?’ अध्यक्षांनीही उत्तर देण्याची गरज नसल्याचे सांगितले.

मला ते पटले नाही. पण खरी अडचण आणखी वेगळी आहे. आमची इतिवृत्ते म्हणजे माझ्या डायरीतल्या चार ओळी आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप. माहितीचा अधिकार आम्हांला लागू होतो का? आणि होत नसेल, तरी काय उघड करणे योग्य ठरेल?

उत्तर — निवृत्त लेखापरीक्षक

आपल्या प्रश्नात दोन प्रकारच्या समित्यांची सरमिसळ होण्याचा संभव आहे, म्हणून आधी तेवढे वेगळे करतो. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार त्यांवर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. ती समिती हा महापालिकेचाच भाग असतो, त्यामुळे तिच्याबाबत असा प्रश्नच उद्भवत नाही. आपली समिती कार्यालयाच्या पत्रावर उभी आहे, तिला कायद्याचा थेट आधार नाही. मुंबईत १९९७च्या सुमारास सुरू झालेल्या ए.एल.एम. (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे आपल्या परिसराची देखभाल पाहणाऱ्या रहिवाशांच्या) गटांची जातकुळी साधारण हीच.

अशा समितीला ‘सार्वजनिक प्राधिकरण’ (म्हणजे शासनाच्या नियंत्रणाखालील किंवा त्याच्या भरीव वित्तपुरवठ्यावर चालणारी, माहिती अधिकार लागू होणारी संस्था) म्हणता येईल का, हे वादाचे आहे. सरकारी यंत्रणेची नुसती देखरेख असणे त्यासाठी पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधील सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटले; तर २०१९ मध्ये, फुकट किंवा मोठ्या सवलतीने मिळालेली जमीन हाही भरीव वित्तपुरवठा ठरू शकतो, असे म्हटले. तुम्हांला पैसा मिळत नाही आणि जमीन महापालिकेच्याच ताब्यात आहे, तेव्हा समितीकडे थेट आलेला अर्ज कदाचित टिकणार नाही.

मात्र त्यावर विसंबून राहू नये. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४(१)(ख)(आठ) फार थोड्यांनी वाचलेले असते. आपल्या सल्ल्यासाठी स्थापन केलेल्या, दोन किंवा अधिक व्यक्तींच्या मंडळांची आणि समित्यांची यादी प्रत्येक प्राधिकरणाने कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावी, आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्ते पाहता येतात का, हेही त्यात नमूद करावे, असे ते कलम सांगते. म्हणजे बंधन कार्यालयावर आहे. पण कागद तुमच्याकडून गेलेले असतात. त्या रहिवाशांनी उद्या दहा रुपयांचे तिकीट लावून क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज केला, तर तुमची प्रत्येक शिफारस त्यांच्या हाती पडेल. फक्त त्यामागची कारणे पडणार नाहीत, कारण ती तुम्ही कोठे लिहिलेलीच नाहीत.

उत्तर — गल्लीतली वाचक

‘आम्ही पगार घेत नाही’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, आणि ते देणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. परंतु इथे मुद्दा पैशांचा कमी आणि वजनाचा जास्त आहे.

आमच्या भागातला अनुभव सांगते. कचरा गोळा करण्याची जागा एके दिवशी आमच्या इमारतीच्या फाटकासमोर आली. विचारणा केली तेव्हा ‘नागरिकांची मागणी होती’ एवढेच कळले. राज्य शासनाच्या २०१८च्या निर्णयानुसार सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहता येतात, ही सोय मुळात पुण्यात रुजलेली होती. त्या वेळेत जाऊन मी धारिका पाहिली, तर तीत नागरिक समितीचे एक पानी पत्र आणि त्याखाली चार सह्या होत्या. त्यांतले दोघे जुन्या जागेला लागून असलेल्या इमारतीत राहणारे. त्यांचा त्रास खरा होता, हे मी नाकारत नाही. पण ‘आम्ही दोघे शेजारी राहतो’ हे वाक्य त्या पत्रात असते, तर अधिकाऱ्यांनी निदान दुसऱ्या बाजूला येऊन विचारले असते.

नगरसेवक असतात तेव्हा अशा पत्राला थोडा तरी अडसर असतो. २०२२ पासून अनेक महापालिकांवर प्रशासक होते. त्या काळात आमच्याकडे अशा समित्यांची पत्रे हाच ‘लोकसहभाग’ मानला जाऊ लागला. ज्यांना कोणी निवडून दिले नाही, त्यांना कोणी घरीही पाठवू शकत नाही. म्हणूनच त्यांनी आपण होऊन लिहून ठेवावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

चौथ्या गल्लीत समितीचे किती सदस्य राहतात, हे चिटणीसांनी कृपया सांगावे.

उत्तर — जुना कार्यकर्ता

वरील दोन्ही उत्तरे योग्य असली, तरी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमच्या समितीत एका गृहस्थांनी एका वर्षात चौदा पत्रे पाठवली. झारी किती रुपयांची, माळ्याला दिवाळीला काय दिले, बैठक अमक्याच्याच घरी का, अशा प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता तीन जणांनी राजीनामा दिला, त्यांत उद्यानाचे सगळे पाणी पाहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. ते उद्यान आज वाळलेले आहे.

म्हणून मी मोजकेच लिहिण्याच्या बाजूचा आहे. प्रत्येक झारीचा हिशेब कोणी मागू नये. पण महापालिकेचा पैसा किंवा महापालिकेची जागा कोणत्या दिशेने वळावी हे ठरवणारे प्रत्येक पत्र मात्र खुले असावे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. तिच्यात नागरिक ठरलेल्या अर्जावर काम सुचवतो, त्यामुळे सूचना कोणाची आणि काम कुठले, हे आपोआप कागदावर येते. त्या पद्धतीत उणिवा पुष्कळ आहेत, पण निदान अर्ज तरी असतो. तुम्हीही शिफारशीचा एक छापील नमुना करा: काम, जागा, पर्याय कोणते होते, सुचवणारा कोण, त्याचा त्यात काही संबंध आहे का, आणि विरोध कोणाचा होता. एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात आणि चौदा पत्रांना उत्तरे देण्याचे कष्ट वाचतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — प्रभागचिटणीस

आपल्या तिघांचेही आभार. गल्लीतल्या वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड जाते आहे. अकरांपैकी पाच सदस्य चौथ्या गल्लीत राहतात. मीही त्यांतलाच. सातव्या गल्लीतून समितीवर एकही जण नाही, आणि हे आजवर आमच्या कोणाच्या लक्षातही आले नव्हते. पेव्हिंग ब्लॉकची शिफारस झाली त्या दिवशी गटाराचा विषय निघाला होता, असे मला आठवते. परंतु डायरीत त्याची नोंद नाही.

कालच्या बैठकीत मी हे सगळे वाचून दाखवले. सुमारे दीड तास चर्चा झाली. त्या रहिवाशांना उपलब्ध शिफारसपत्रांच्या प्रती आणि तीन वर्षांचा जमाखर्च द्यावा, तसेच इतिवृत्ते लिहिली गेली नाहीत हे स्पष्टपणे कळवावे, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. दोघे तटस्थ राहिले. अध्यक्षांचे मत विरोधी होते व ते तसे नोंदवले आहे. पुढील महिन्यापासून नमुन्याप्रमाणे लिहावे आणि एक प्रत उद्यानाच्या फलकावर लावावी, हेही मान्य झाले. आणखी एक शंका उरते. वर्गणी देणाऱ्या दोन दुकानदारांना आपली नावे फलकावर नको आहेत. ती झाकावीत का?

उत्तर — निवृत्त लेखापरीक्षक

पावतीपुस्तकात आणि किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) नावे पूर्णच हवीत, तिथे झाकपाक नको. फलकावर मात्र केवळ एकूण वर्गणी लिहिली तरी चालेल. मागेल त्याला पावतीपुस्तक दाखवण्याची तयारी ठेवा आणि दुकानदारांना हे आधीच सांगा. याला अपवाद एकच. ज्या दुकानदाराच्या दुकानासमोरच्या पदपथाबद्दल किंवा फेरीवाल्यांबद्दल तुमच्यासमोर शिफारस येईल, त्याची वर्गणी त्या शिफारशीच्या कागदावर नावानिशी लिहावी. तो नको म्हणाला, तर वर्गणी परत करावी. आणि हो, सातव्या गल्लीतल्या कोणाला तरी पुढच्या बैठकीचे निमंत्रण फलकावरून नव्हे, घरी जाऊन द्या.