अकिलीस दुखतेय, घाटात पळणं चालू ठेवू का? सातारा-सांगलीकरांनी सल्ला द्या

यवतेश्वर_पहाट
नमस्कार मंडळी, मी सातारची, वय ४१. सप्टेंबरच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी जूनपासून यवतेश्वर घाटात पळायला जायला लागले आणि आता डाव्या टाचेच्या तीन बोटं वर सकाळी उठल्या उठल्या इतकं आखडलेलं असतं की पहिली काही पावलं भिंत धरूनच टाकावी लागतात, मग जरा सैल होतं, पळताना पहिला किलोमीटर दुखतं, नंतर थांबतं आणि संध्याकाळी परत ठणका सुरू. चिमटीत धरलं तर उजव्यापेक्षा जाड लागतं. एक जण म्हणतो महिनाभर पाय टेकवूच नको, दुसरा म्हणतो इंजेक्शन घे, आठ दिवसात मोकळी होशील, आणि तालमीत जाणारे दीर म्हणतात तेल लावून रगडून घ्या वहिनी. कुणाचं ऐकू? आणि सातारा, कराड, मिरज कुठेही चालेल पण चांगला फिजिओ ओळखायचा कसा तेही सांगा.

कृष्णाकाठ_फिजिओ
ताई, वर्णन अकिलीस टेंडिनोपथीचं वाटतंय, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जी जाड दोरी असते (अकिलीस टेंडन) तिचं दुखणं, तरी एकदा कुणीतरी हात लावून तपासायला हवं. पण रगडून घेऊ नका आणि महिनाभर झोपूनही राहू नका. आराम केला की दुखणं कमी होतं हे खरं, पण टेंडन वजन घेत राहिलं तरच बळकट राहतं, बसून राहिलात की पोटरी उतरते आणि पहिल्याच चढाला तिथंच परत दुखतं. सांगलीत कबड्डीची, भरतीची पोरं माझ्याकडे येतात त्यातल्या लई जणांचं असंच झालेलं असतं, दुखलं की बसायचं, बरं वाटलं की एकदम पूर्ण जोरात, परत दुखलं.

घाटच का बाधला ते बघा. चढावर घोटा जास्त वाकतो आणि प्रत्येक पावलाला पोटरीला अख्खं अंग वर ढकलायचं असतं, तो सगळा ताण अकिलीसवर येतो. उतारावर तो गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर जातो, म्हणून परत येताना बऱ्याच जणांचे गुडघे बोलायला लागतात.

आता व्यायाम. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला आहे, घरच्या जिन्यावर होतो. पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकवायचे, टाचा हवेत, एक हात भिंतीला. दोन्ही पायांवर वर यायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन सावकाश टाच पायरीच्या खाली सोडायची, परत वर येताना चांगल्या पायाने उचलायचं. १५ चे ३ सेट गुडघा ताठ ठेवून आणि ३ सेट गुडघा थोडा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये तांदळाची पिशवी, हळूहळू वजन वाढवत न्यायचं. नोकरीमुळे दोनदा जमत नसेल तर जास्त वजन घेऊन सावकाश, आठवड्यातून तीनदा केलं तरी चालतं, २०१५ च्या डॅनिश अभ्यासात दोन्हीचा गुण सारखाच आला होता. फक्त दुखणं अगदी टाचेच्या हाडाला लागून असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवरच करायचं, टाच खाली गेली की तिथं हाड टेंडनला दाबतं. तुमचं तीन बोटं वर आहे म्हणून पायरी चालेल.

करताना थोडं दुखणार, घाबरू नका. दहापैकी पाचपर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं नेहमीइतकीच आखडलेली हवीत. जास्त आखडली तर आदल्या दिवशी जास्त झालं समजायचं आणि कमी करायचं.

पळणं पूर्ण बंद नको. घाट सध्या सोडा, शाहू स्टेडियमवर सपाटीला निम्म्या अंतरावर या आणि लागोपाठ दोन दिवस पळू नका, जोराच्या व्यायामानंतर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये नवं कोलॅजन (टेंडन ज्या धाग्यांचं बनतं ते) बनण्यापेक्षा झिजच जास्त होते. बुटात टाचेखाली छोटी उंच गादी घातलीत तर सुरुवातीला आराम पडेल.

स्टिरॉइडचं इंजेक्शन अकिलीसमध्ये घेऊ नका, कळकळीने सांगतोय. दुखायचं थांबतं पण टेंडन कमजोर होऊन तुटायचा धोका वाढतो आणि दुखत नाही म्हणून तुम्ही पळणारच. अजून एक, युरिन इन्फेक्शनला किंवा टायफॉइडला सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन घेतलं होतं का आठवा. ही औषधं टेंडनला बाधू शकतात, अमेरिकेत २००८ पासून तशी ठळक सूचना आहे. कोर्स चालू असताना टाच दुखली तर पळणं थांबवून डॉक्टरांना लगेच फोन.

फिजिओचं म्हणाल तर चांगला माणूस आधी तुमचं आठवड्याचं पळणं आणि बूट विचारेल, एका पायावर टाच उचलायला लावून दोन्ही बाजू मोजेल आणि घरी करायला व्यायाम देईल. रोज नुसतं मशीन लावून घरी पाठवत असेल तर दुसरा बघा.

तासगावकर_रेडर
वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आमच्या कबड्डी संघातल्या एका पोराची अकिलीस मॅटवरच तुटली, फट् असा आवाज झाला आणि मागून लाथ बसली म्हणून तो वळून बघतोय तर मागे कुणीच नाही. गावात एकाने मुरगळलाय म्हणून ओढून चोळून दिलं आणि त्यात दिवस गेले. पोरगं लंगडत का होईना चालत होतं म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

कृष्णाकाठ_फिजिओ
हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, तुटलं तरी माणूस चालू शकतो, बोटंही हलवू शकतो. पालथं झोपवून पाऊल कडेबाहेर ठेवायचं आणि पोटरी दाबायची, पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असं नाही. नॉर्वेत ५२६ जणांवरचा अभ्यास २०२२ ला आला, वर्षाने दोन्हीकडे पाय सारखेच चालत होते, पण बिगर ऑपरेशनवाल्यांत ६.२ टक्के परत तुटले आणि ऑपरेशनवाल्यांत ०.६, उलट ऑपरेशनमध्ये नस दुखावायचं प्रमाण जास्त होतं. वय आणि खेळ बघून डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

भरतीची_आई
माझा मुलगा पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी रोज डांबरी रस्त्यावर पळतो, त्यालाही टाचेला सुरुवात झालीय. तारीख लागली तर काय करायचं ही काळजी आहे.

कृष्णाकाठ_फिजिओ
मावशी, आत्ता सुरुवात आहे तर लवकर सुटेल. रस्ता सोडून मातीच्या मैदानावर पाठवा, जोराचं पळणं एक दिवसाआड आणि वरचा व्यायाम आजपासूनच. क्रिकेटवाल्या मोहम्मद शमीचंच बघा, २०२३ च्या वर्ल्डकपनंतर फेब्रुवारी २०२४ ला अकिलीसचं ऑपरेशन, आणि भारताकडून परत खेळायला जानेवारी २०२५ उजाडलं, मध्ये गुडघाही सुजला होता. अंगावर काढत राहिलं तर पोराची एक नाही दोन भरत्या जातील.

यवतेश्वर_पहाट
खूप खूप आभार. जिन्यावर आजच चालू केलं, दीरांनाही वाचायला दिलं. म्हणजे यंदा सप्टेंबर सोडावा लागणार का? आणि परत घाटात कधी जायचं ते कसं कळणार?

कृष्णाकाठ_फिजिओ
यंदा नाव मागे घ्या असंच सांगेन ताई, १२ आठवडे सप्टेंबरच्या पुढे जातात. दुखऱ्या पायावर एकट्याने टाच उजव्याइतकीच वेळा उचलता आली की आधी दोरीच्या उड्या, त्या पचल्या की सपाटीवर थोडा वेग आणि मग घाट. घाटातही सुरुवातीला चढ चालत चढा, आठवड्यातून एकदाच.