भीमथडी घोडी विकायची आहे, चांगलं घर कसं शोधावं?

नीरेकाठची
नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय. फलटण तालुक्यात आमच्या घरी एक घोडी आहे. भीमथडी जातीची, रंग कुमैत (तांबूस तपकिरी), कपाळावर चांदणी, उंची ५० इंच, वय ९. शिंगरू होती तेव्हा वडिलांनी मेंढपाळांच्या वाड्यावरून, म्हणजे मेंढरांच्या तळावरून, आणली होती. आता वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, मी पुण्यात नोकरीला, भावाला ऊस आणि डाळिंबातून सवड नाही. घोडी दिवसदिवस एका जागी बांधलेली असते. ते बघवत नाही, म्हणून विकायचं ठरवलंय.

अपेक्षा ४० हजारांच्या आसपास, थोडं कमी आलं तरी चालेल. वरातीसाठी द्यायची नाही, कारण फटाके आणि डीजेला ती बिथरते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येते, हेही खरं. तपासणी-जाहिरात मिळून ३ हजारांच्या वर खर्च जमणार नाही. जत्रेत न्यायची नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिच्या खोडी जाहिरातीतच लिहाव्यात की माणूस बघायला आल्यावर सांगाव्यात? आणि विकल्यानंतर ती पुढे कुठे जाते यावर आपला काही धरबंध राहतो का?

अश्वमेध७७
ताई, सरळ सारंगखेड्याला न्या. तापीकाठी दत्तजयंतीला भरतो तसा घोडेबाजार आपल्याकडे दुसरा नाही. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडचं गिऱ्हाईक येतं. माझा मारवाडी ६४ इंच, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं), गळ्याला देवमण हा शुभ भोवरा. मागच्या खेपेला नऊ लाखाला मागितला, मी दिला नाही. रेवाल ही संथ, न हिसकणारी चाल अशी की हातातला चहा सांडत नाही. फोटो टाकतो.

रंकाळ्याचा_राजा
त्यांनी जत्रा नको असं स्पष्ट लिहिलंय. वाचत जा की जरा.
ताई, अकलूजचा घोडेबाजार तुम्हाला जवळ पडेल. दिवाळीच्या सुमारास असतो.

नीरेकाठची
अकलूजही बाजारच झाला ना दादा :)

परभणीकर
नांदेडच्या माळेगाव यात्रेचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? खंडोबाची यात्रा, घोडे, गाढवं, उंट, सगळं येतं. आमचे आजोबा रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे. शेजारी उभ्या माणसाला भाव कळायचा नाही.

पेठेतला_पुणेकर
तेच तर वाईट आहे ना त्यात.

बाकी, विकताच कशाला? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विकतो का आपण? एखाद्या प्राणीसंस्थेला देऊन टाका. २०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या तेव्हाही घोड्यांचं पुढे काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला गेला.

रंकाळ्याचा_राजा
९ वर्षांची घोडी म्हातारी? नीट सांभाळलं तर घोडं पंचवीस वर्षं जगतं. आणि संस्थांकडे आधीच लंगडी, आंधळी जनावरं भरलेली असतात. धडधाकट घोडी तिथे सोडून एखाद्या गरजू जनावराची जागा का अडवायची?

अश्वमेध७७
अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत ते सांगा आधी. डोळ्यांखाली आसूढाळ हा अशुभ भोवरा असेल तर फुकटही कोणी नेणार नाही. आणि ५० इंच म्हणजे तट्टू झालं, घोडी नव्हे. भीमथडी ही काही जात नाही.

गुरांचा_डॉक्टर
जात आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत देशी घोड्यांच्या सात जाती होत्या, भीमथडी आता आठवी. उंचीवर जात ठरत नाही. आणि भोवऱ्यांवरून घोडं पारखणाऱ्यांनी खूर उचलून बघितला असता तर माझं निम्मं काम कमी झालं असतं.

ताई, मुद्द्याचं सांगतो.

सगळ्यात आधी ग्लँडर्सची तपासणी. घोड्याकडून माणसाला होणारा आजार आहे. रक्ताचा नमुना तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे जातो. जिल्ह्यात कुठे रोगी जनावर सापडलेलं असेल तर घोड्यांच्या ने-आणीवर बंदी असते, तेही दवाखान्यातच विचारा. अहवाल हातात असला की निम्मे दलाल आपोआप गळतात, कारण त्यांना कागद नको असतो.

वय तोंडाने सांगू नका, दात दाखवा. पाचव्या वर्षी सगळे पक्के दात येऊन तोंड भरतं. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी खाच दिसू लागली असेल तर जनावर दहाच्या आसपास आलं. वडिलांना खात्री असली तरी एकदा बघून घ्या, नाहीतर गिऱ्हाईकच बघेल आणि तुम्ही खोट्या पडाल.

चावण्याचं म्हणाल तर तंगाखालची कातडी चाचपून बघा. जुनी जखम किंवा गाठ असली की जनावर चावतं, ती खोड नसते. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी घोडी फिरवून दमवू नका, वेदनाशामक तर अजिबात टोचू नका. थंड अंगाने, तबेल्यातून बाहेर काढतानाच बघू द्या. विकणाऱ्याच्या सचोटीला तेवढं एकच माप पुरतं.

कऱ्हाडचा_बंड्या
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. माझंच सांगतो. एका व्यापाऱ्याकडून पोरासाठी घोडा घेतला. त्याच्या दारात अगदी गरीब गाय. पोर बसलं, फिरलं, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी घरी त्याने नालबंदाला भिंतीवर चेपला. इंजेक्शनचा अंमल उतरला होता, दुसरं काय. फोन केला तर म्हणे, तुमच्याकडची हवा मानवली नाही.

परभणीकर
हवा मानवली नाही, हे भारी आहे.

डोंबिवली_फास्ट
माथेरानला का नाही विकत? गाड्या नाहीत, फटाक्यांचा त्रास नाही, घोड्यावर माणसं बसतातच.

रंकाळ्याचा_राजा
तिथे घोड्याला परवाना लागतो. शिवाय शनिवार-रविवारची गर्दी बघितली आहे का? दिवसभर वेगवेगळ्या वजनाची माणसं. तुम्ही बसला असाल तर तुमचंही वजन सांगा :D

डोंबिवली_फास्ट
वैयक्तिक टिप्पणी नको.

सौ_माहेरवाशीण
मी जर्सी गाय विकली तेव्हा आधी खोडी लपवल्या नाहीत, सगळ्या सांगितल्या. दोन दिवसांत गेली. घोड्याचं माहीत नाही पण माणसं तीच असतात.

कऱ्हाडचा_बंड्या
खोडी जाहिरातीतच लिहा ताई. 'वरातीसाठी नाही' एवढे दोन शब्द घातले की निम्मे फोन कमी. तरी येतीलच. 'आमच्या वरातीत डीजे नसतो' असं सांगणारा भेटला तर त्याच्या मोबाईलवरचे व्हिडिओ बघायला मागा. आणि लगाम बघा. काटेरी लगाम कायद्याने बंद आहे, तरी वापरतात. घोडी न्यायला येणारा काय घेऊन येतो त्यावरून माणूस कळतो.

अश्वमेध७७
४० हजार म्हणजे मातीमोल. महिनाभर एखाद्या चाबूकस्वाराकडे ठेवा, नाच शिकवा, दीड लाख कुठे गेले नाहीत. शिकवण्याचे पंधरा-वीस हजार लागतील फक्त.

नीरेकाठची
बजेट ३ हजार आहे दादा. आणि फटाक्याला बिथरणारी घोडी ढोल-ताशावर नाचवायची?

अश्वमेध७७
सवय होते. सल्ला मागायचा आणि ऐकायचा नाही, मग धागा कशाला काढायचा.

वकील_काका
धरबंधाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. घोडी विकली की मालक तो. तरीही करारनामा कराच. आता १०० चा बॉन्ड (स्टॅम्प पेपर) मिळत नाही, ५०० चा घ्यावा लागेल. त्यात घोडीचं वर्णन, खुणा, वय, फोटो, आणि माहीत असलेले सगळे दोष लिहा, म्हणजे उद्या तुमच्यावर कोणी फसवणुकीचा आळ घेणार नाही. शेवटी एक कलम घाला : पुढे विकायची झाल्यास आधी आम्हाला विचारावं. कोर्टात ते किती टिकेल हे सोडा. ते कलम वाचून ज्याचा पेन थबकतो, त्याला घोडी देऊ नका.
पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय घोडी गाडीत चढवायची नाही.

परभणीकर
बॉन्ड ५०० चा कधीपासून झाला? आमच्याकडे परवापर्यंत १०० चा मिळत होता.

वकील_काका
जुना साठा असेल. त्यासाठी वेगळा धागा काढा.

गुरांचा_डॉक्टर
गाडीचं राहिलं. पिकअपमध्ये दोरखंडाने आवळून नेऊ देऊ नका. तळाला घसरणार नाही असं काहीतरी हवं, दोन जनावरं असतील तर मध्ये बांबू, मागे आडवे दांडे. घोडे नेणाऱ्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा १९७८ च्या वाहतूक नियमांत आहे. पाळतं कोण, पण तुम्ही सांगा तरी. सोबत आरोग्य प्रमाणपत्र.

सौ_माहेरवाशीण
घोडी गाभण आहे का? गाभण असेल तर किंमत जास्त येते असं ऐकलंय.

नीरेकाठची
नाही हो काकू.

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बरंच झालं, एकदमच लिहिते. दवाखान्यात नमुना दिला, ग्लँडर्सचा अहवाल ठीक आला. दात डॉक्टरांनी बघितले, ९ ते १० म्हणाले. जाहिरातीत तेच लिहिलं, चावणं आणि फटाकेही लिहिले. वरातवाल्यांचे फोन आलेच. एक म्हणाला, कानात कापूस घालतो.

नावं घेण्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली. एक पुण्याबाहेरचा घोडेस्वारीचा क्लास. त्यांनी ५५ हजार सांगितले, लहान मुलांसाठी हीच उंची हवी म्हणाले. दुसरे आमच्याच भागातले मेंढपाळ, २८ हजारांच्या वर जाणार नाहीत. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरतात, पावसाच्या आधी वर येतात. घोडीवर बिऱ्हाड आणि लहान कोकरं.

रंकाळ्याचा_राजा
यात विचारायचं काय? ५५. मुलांचा क्लास. डोळे झाकून.

कऱ्हाडचा_बंड्या
क्लास. +१

पेठेतला_पुणेकर
पहिल्यांदाच या धाग्यावर सहमत. ओझं वाहून घाट उतरण्यापेक्षा क्लास कितीतरी बरा. किमान छप्पर तरी आहे.

अश्वमेध७७
५५ ला द्या. मी म्हटलंच होतं ४० कमी आहे.

गुरांचा_डॉक्टर
क्लासचा तबेला बघून आलात का?

नीरेकाठची
हो डॉक्टर, न सांगता गेले. दुपारची वेळ. घोडे सिमेंटवर ओळीने बांधलेले, मोकळं सोडायला जागा नाही. तिथल्या पोराला विचारलं, तर म्हणाला की रविवारी वाढदिवसांनाही नेतो, फुगे-बिगे असतात. ते फुगे ऐकून मी निघाले.

मेंढपाळांना दिली, २८ हजाराला. कराराचं ते कलम त्यांना वाचून दाखवलं तर आजोबा म्हणाले, 'न्यायची असल तवा न्या की.' घोडीला तंगाखाली जखम वगैरे काही नव्हती. आजोबांनी तंग आधी सैल लावला, चार पावलं चालवली, मग एक घर आवळला, परत चालवली, परत एक घर. चावली नाही. आम्ही इतकी वर्षं एका दमात आवळत होतो. शिवाय त्यांच्याकडे आणखी तीन घोडी आहेत, ही एकटी राहणार नाही. गाडीही लागली नाही, चालतच नेली.

पेठेतला_पुणेकर
म्हणजे २७ हजारांवर पाणी सोडून घोडीला आयुष्यभर हमाली. तुमचा निर्णय, पण मला पटलेला नाही.

परभणीकर
पावसात कुठे बांधतात ते विचारलंत का?

नीरेकाठची
विचारलं. पावसाळ्यात गावाकडेच असतात, पत्र्याची शेड आहे, बघून आले.

अश्वमेध७७
लोक सल्ले घेतात आणि मनाचं करतात. असो. सारंगखेड्याला माझा स्टॉल असतो, या कधी.

डोंबिवली_फास्ट
ताई, खोगीर घोडीबरोबर दिलंत की घरीच आहे? चामड्याचं असेल तर मला हवंय. बजेट २ हजार.

रंकाळ्याचा_राजा
२ हजारात चामड्याचं खोगीर मिळत नाही. चांगलं घ्यायचं तर कानपूरचं घ्या, दहापासून सुरू.