तालमीच्या टीमचा इतिहास लिहायचाय, हे नॉन-लीगवाले कसं जमवतात?

पेठेतला_लेफ्टआउट
मंडळी मदत पाहिजे. आमच्या तालमीच्या गणपतीच्या स्मरणिकेत यंदा फुटबॉल टीमचा इतिहास छापायचा ठरलंय आणि मीटिंगला मी नव्हतो म्हणून काम माझ्या गळ्यात. हाताशी काय, तर मारुतीच्या वरच्या भिंतीवर एक फ्रेम. अकराजण हाफचड्डीत, तिघं अनवाणी, गोलकीपरच्या मांडीवर ढाल, खालची नावं वाळवीनं खाल्लेली. साल नाही. एक आजोबा म्हणतात ५२, दुसरे म्हणतात तो काय सांगतोय, ६१, आणि दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत. इकडं नेटवर इंग्लंडमधल्या बारक्या गावातल्या नॉन-लीग क्लबांचं बघितलं तर शंभर वर्षांपूर्वीच्या मॅचला किती पब्लिक होतं तेसुद्धा लिहिलेलं. नॉन-लीग म्हणजे आपल्या केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) सीनियर लीगसारखंच काय?

पन्हाळा_टू_प्रेस्टन
नाही रे. त्यांच्या वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून ९२ क्लब, त्यालाच ते 'लीग' म्हणतात, त्याच्या खालचे सगळे नॉन-लीग. म्हणजे खालच्यांची पण आपापली लीग असते, नाव तेवढं उलटं. आणि १९८७ पर्यंत खालनं वर जायला नुसतं जिंकून भागत नव्हतं, वरचे क्लब मतदान करून घ्यायचे, आपल्या सोसायटीच्या इलेक्शनसारखं.

मी इथं इंग्लंडला आल्यावर ॲक्रिंग्टन स्टॅन्ली क्लबची मॅच बघायला गेलतो. गाव ३५ हजाराचं, एकेकाळी सूतगिरण्यांचं, आपली इचलकरंजी समज. १९२१ ला लीगमध्ये आले. पुढं १९५८ ला ह्यांनी आल्डरशॉटच्या लष्करी कवायतीचा एक जुना स्टँड विकत घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून, पण तो आणून उभा करायलाच किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला. कर्ज वाढत गेलं आणि मार्च १९६२ मध्ये सीझन चालू असतानाच राजीनामा. नंतर म्हणाले चुकलं, परत घेतो, तर लीगनं ऐकलं नाही, त्या सीझनच्या त्यांच्या सगळ्या मॅच रेकॉर्डमधनं पुसून टाकल्या. १९६६ ला क्लब बंदच पडला.

आणि १९६८ ला गावातल्या कामगारांच्या क्लबात मीटिंग भरली आणि त्याच नावानं परत सुरू केला, १९७० पासनं एकदम खालच्या लेव्हलला खेळायला लागले. २००६ ला परत लीगमध्ये. मजा म्हणजे ६२ ला ह्यांच्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतलं होतं, आणि २००६ ला हे वर आले तेव्हा खाली गेलेल्या दोघांत एक ऑक्सफर्डच. ४४ वर्षं थांबून हिशोब चुकता, काटा किर्र!

शाहू_स्टेडियम_पायरी_३
गोष्ट भारी आहे पण त्यांचा इतिहास लिहिलेला का असतो ते पण सांगा की. क्लब म्हणजे तिकडं बऱ्याचदा कंपनी, हिशोब ठेवावाच लागतो, कर्ज झालं तरी त्याची कागदं राहतात. आपल्याकडं टीम तालमीची. आधी लाल माती, कुस्ती, मग तीच पोरं फुटबॉल खेळायला लागली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, नावातच तालीम आहे. त्यामुळं आपली टीम दोन वर्षं उतरली नाही म्हणून क्लब मेला असं होत नाही, तालीम उघडीच असते, गणपती बसतो, मर्दानी खेळ चालतात, परत एखादा पोरगा बूट घालून येतो. पण कागद कोण ठेवणार? वहीत वर्गणी सापडेल, गोल सापडायचा नाही.

मे महिन्यात स्टेडियमच्या पायऱ्या अशा तापतात की खाली पेपर टाकल्याशिवाय बसवत नाही, तरी माणसं फायनलला दोन तास आधी जागा धरतात, आणि त्यातल्या एकानंही कधी स्कोअर लिहून ठेवलेला नाही मर्दा. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला तेव्हा अख्खं गाव टीव्हीसमोर होतं. त्याच्या आधी पेठापेठांतनं कोण कोण खेळलं हे मात्र तोंडीच.

तू असं कर. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जुन्या पेपरच्या फायली आहेत का विचार, फेब्रुवारी ते मे बघ, सीझन तेव्हाच रंगात असतो. आणि आजोबांना साल विचारू नको, फायनल कुणाशी होती आणि गोल कुणी मारला ते विचार, ते विसरत नाहीत. फोटोतली ढाल कुठं आहे?

रस्सा_मंडळ
ढाल गणपतीच्या डेकोरेशनमध्ये गेली असंल 😂

पेठेतला_लेफ्टआउट
अपडेट. ढाल सापडली, पत्र्याच्या कपाटात, मांडवाच्या दोरांखाली. पितळ काळं पडलेलं, आईनं चिंच लावून घासली तर मागं साल निघालं. ५७. ५२ पण नाही, ६१ पण नाही. आता दोघांना सांगायला कोण येतंय माझ्याबरोबर?