एचपीव्हीची लस मुलग्यांनीही घ्यावी का?

अक्कलदाढ : वय २३, पुण्यात नोकरी. एचपीव्ही म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू. मैत्रिणीने त्याची लस घेतली, मला म्हणाली तूही घे. ऑफिसात विषय काढला तर हशा. "तुला काय गर्भाशय आहे का रे?" हसणारे सगळे इंजिनिअर, बरं का! हा विषाणू मुलगा-मुलगी बघत नाही. घशाचा, गुदद्वाराचा, शिश्नाचा कर्करोग त्याच्यामुळेही होतो, चामखिळी वेगळ्याच. ऑस्ट्रेलिया २०१३ पासून मुलग्यांनाही ही लस देतो, ब्रिटन २०१९ पासून. सीरमची सर्व्हाव्हॅक ही लस तर आपल्या पुण्यातली. माझं मत, घ्यावी.

गवतीचहा : विरोध. भारतात २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ च्या मुलींना आधी द्या म्हणते. पुरेशा मुलींनी घेतली की मुलगेही बऱ्यापैकी वाचतात. शिवाय १५ च्या पुढे तीन डोस. तेवढ्या पैशात धाकट्या बहिणीला दे.

अक्कलदाढ : बहीण नाही मला. आणि "पुरेशा मुलींनी" कधी घेतली इथे? तोवर मी काय करू?

सडेतोड_मावशी : पोरांनो, घरात हा विषय काढून बघा. "लग्नाआधी कशाला?" हाच पहिला प्रश्न. आणि खम्मम विसरलात? तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि बडोद्यात एका प्रकल्पात मुलींना ही लस दिली, सात मुली गेल्या, २०१० मध्ये सगळं थांबवलं. वसतिगृहाच्या वॉर्डनने संमतीच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. पोरींना कुणी विचारलं?

गवतीचहा : मावशी, संमतीचा घोळ खराच, संसदीय समितीनेही झोडपलं. पण मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. गंमत म्हणजे त्याच गदारोळात दुसरा एक अभ्यासही थांबला, त्यात बार्शी आणि पुण्याच्या मुली होत्या. कित्येकींना एकच डोस मिळाला. दहा वर्षं पाठपुरावा केला तर विषाणूच्या १६ आणि १८ या कर्करोग करणाऱ्या मुख्य प्रकारांपासून एका डोसनेही भक्कम संरक्षण दिसलं. आणि "लग्नाआधी कशाला" याचं उत्तर सोपं आहे : लागण झाल्यावर ही लस ती बरी करत नाही.

सडेतोड_मावशी : असेल. पण माझ्या वयाच्या बायकांचं काय? उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाच्या वर बायकांवर अभ्यास झाला, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ ची गोष्ट. आमच्या गावात ती चाचणी अजून कुणी केली नाही. तुमचं आपलं मुलग्यांना द्यायची का नाही!

अक्कलदाढ : मावशी, मुद्दा मान्य, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे एवढंच सांगा, २३ व्या वर्षी फायदा किती?

गवतीचहा : लहानपणी घेण्याइतका नाही. पण सगळ्या प्रकारांची लागण आधीच झालेली असते असंही नाही. घेच म्हणणार नाही मी. पैसे तुझे.