मदत हवी आहे : खारपाणपट्ट्यातील घरासाठी एस्प्रेसो यंत्र कोणते घ्यावे?

नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरीच रोज उत्तम एस्प्रेसो करता यावी, ही माझी आणि पत्नीची फार दिवसांची इच्छा आहे आणि त्यासाठी ग्राइंडर धरून ४० ते ४५ हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. १८ ग्रॅम पूड, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी, सुमारे ९ बार दाब आणि २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी, हे गणित मला ठाऊक आहे. खोक्यावर ठळक छापलेले १५ किंवा २० बार ही केवळ पंपाची कमाल क्षमता असते, हेही समजले आहे. अडचण पाण्याची आणि विजेची आहे. वाचनात येणाऱ्या बहुतेक शिफारशी शहरी घरे डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असल्याने या दोन्हींचा विचार त्यांत आढळत नाही.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला पूर्णा खोऱ्याचा हा पट्टा खारपाणाचा आहे. बोअरचे पाणी खारट आणि जड. आमच्या विजेच्या किटलीच्या तळाशी पांढरट, खरखरीत थर बसतो. सायट्रिक ॲसिड घालून पाणी उकळले की तो पापुद्र्यांनी सुटतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा धरतो. किटलीत निदान हात घालून घासता येते. थर्मोब्लॉकच्या, म्हणजे यंत्रातील वाहते पाणी तापवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, अरुंद वाटांत हेच साचले तर यंत्र उघडून दुरुस्त करणारा माणूस या भागात मिळणार नाही. सॉफ्टनर लावल्यास कॅल्शियमची जागा सोडियम घेते आणि थर थांबतो, परंतु क्लोराइड तसेच राहते, आणि ते स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडू शकते.

पिण्यासाठी आम्ही गावातील आरओ प्लांटवरून कॅन आणतो. ते पाणी वापरले तर थराची चिंता उरत नाही. मात्र अगदीच क्षारहीन पाण्याची कॉफी सपक लागते, शिवाय काही यंत्रांतील पाण्याची पातळी ओळखणारी सळई क्षारांमुळे येणाऱ्या वाहकतेवरच चालते. कॉफीसाठी लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार चांगले मानले जातात. आरओच्या पाण्यात नळाचे पाणी मिसळून कोणी हा आकडा साधत असेल, तर त्यांनी प्रमाण कसे बसवले आणि चवीत काय फरक पडला, हे कृपया सविस्तर लिहावे.

विजेचे थोडक्यात सांगतो. संध्याकाळी फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा काटा १८० व्होल्टपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला १४०० वॅट देणारे हीटर तेवढ्या व्होल्टेजवर जेमतेम ८५० ते ९०० वॅट देईल, आणि घरच्या इन्व्हर्टरवर असे यंत्र चालवण्याचा प्रश्नच नाही.

या सगळ्यामुळे माझा कल हाताने दाब देण्याच्या लिव्हर यंत्राकडे, म्हणजे फ्लेअर किंवा कॅफेलॅट रोबोट यांच्याकडे झुकला आहे. त्यांत बॉयलर नाही, पंप नाही. पाणी गॅसवर उकळून ओतायचे आणि दांडा दाबायचा. पत्नीला मात्र गॅजिया क्लासिक हे विजेवर चालणारे, बॉयलर आणि पंप असलेले यंत्र पसंत आहे. वाफेची नळी, ५८ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर (पूड भरायची दांड्याची गाळणी) आणि वर्षानुवर्षे मिळणारे सुटे भाग ही तिची कारणे आहेत, आणि ती मला पटतात. घरात वडीलधाऱ्यांना दुधाचीच कॉफी लागते, तीही म्हशीच्या दुधाची, त्यामुळे वाफेचा मुद्दा किरकोळ नाही. ग्राइंडरबाबत दोघांचे एकमत आहे : मिक्सरच्या पात्यांनी पूड एकसारखी होत नाही, म्हणून हाताने फिरवायचा चांगला बर ग्राइंडर (दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणारा) आधी घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत यंत्र बसवायचे.

जाणकारांनी कृपया पुढील बाबींवर मार्गदर्शन करावे. स्टॅबिलायझर लावून गॅजियासारखे यंत्र कमी-जास्त होणाऱ्या विजेवर कोणी चालवले आहे काय, आणि बॉयलर किती काळ टिकला? लिव्हर यंत्राचे धातूचे भाग पाण्याची उष्णता शोषून घेतात. हिवाळ्यातल्या पहाटे तापमान राखण्यासाठी ते आधी किती वेळ तापवावे लागतात? म्हशीच्या दुधाला फ्रेंच प्रेसमध्ये फेटून दाट, बारीक फेस येतो काय? आणि लिव्हर यंत्रांची सिलिकॉनची वॉशर नागपूर, अमरावती किंवा अकोल्यात मिळतात, की खरेदीच्या वेळीच जादा संच मागवून ठेवावा?