होमस्टेची वेबसाइट: आधी समुद्र की आधी दर?

खाडीपलीकडे
शेजारच्या धाग्यात सुरूबन यांनी लिहिलंय की युजेबिलिटीवाल्यांनी, म्हणजे साइट वापरायला सोपी हवी म्हणणाऱ्यांनी, सगळ्या साइट एका छापाच्या करून टाकल्या. तारकर्लीच्या होमस्टेच्या साइटवर म्हणे ‘पाहुण्याला आधी समुद्र जाणवला पाहिजे, दर दोन स्क्रोल खाली गेले तर काय बिघडलं?’ तिथे उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

काय बिघडलं ते सांगतो. स्क्रीनभर लाटांचा व्हिडिओ आणि त्यावर पांढरी बारीक अक्षरं. लाट फुटली की अक्षरं फेसात गडप. अशा बारीक मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, लागतो आणि तो व्हिडिओच्या सगळ्यात उजळ फ्रेमवर मोजायचा असतो, डिझायनरने निवडलेल्या सांजवेळच्या फ्रेमवर नाही. पांढऱ्याशुभ्र फेसावर ५० टक्के काळा थर टाकला तरी पांढऱ्या अक्षरांना जेमतेम ३.९ मिळतो. ५५ टक्के टाका, मग पास. एवढा साधा हिशोब कोणी करत नाही, आणि पाहुणा ती साइट बघतो भर उन्हात, एसटी स्टँडवर.

शिवाय खोल्यांचे दर माउस वर नेल्यावर दिसतात. फोनवर माउस कुठून आणायचा? खोलीचा फोटो मोठा करून बॅक दाबलं तर माणूस थेट साइटबाहेर! फोटो उघडताना ब्राउझरच्या हिस्ट्रीत एक नोंद घातली की बॅकने फक्त फोटो बंद होतो. तेवढंही नाही.

सुरूबन
कॉन्ट्रास्टचा मुद्दा मान्य. पण तो नियम मजकुराला आहे, व्हिडिओवर बंदी नाही. तुमची ‘सोपी’ साइट म्हणजे वर एक फोटो, खाली तीन चौकोनी कार्डं, निळं बटण. नाव झाकलं तर हर्णैची कुठली आणि वेळणेश्वरची कुठली, सांगून दाखवा.

आणि दृश्य बाजू म्हणजे नुसती सजावट, हे कोणी ठरवलं? कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती घ्या. सड्यावर त्याच्या शेजारी उभं राहून आकृती कळत नाही, वरून बघावी लागते. भर दुपारच्या उजेडात रेषा सपाट होतात, उजेड तिरपा पडला की उठून दिसतात. साइटवर वरून दिसणारं दृश्य, पृष्ठभागाचा नॉर्मल मॅप (कुठला भाग कुठल्या दिशेला कललाय ते साठवणारं चित्र) आणि प्रकाशाचा कोन बदलणारा एकच स्लायडर दिला, तर दहा परिच्छेदांत सांगता येणार नाही ते बोटाने कळतं. ही नटवेगिरी म्हणायची का?

रेंज_नाही
नाही, पण ती कुणाच्या फोनवर चालणार? ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, जेपीईजीत दोन एमबीचं असेल, पण जीपीयूत, म्हणजे फोनच्या चित्रं रंगवणाऱ्या चिपच्या मेमरीत, उलगडल्यावर ६४ एमबी. मिपमॅप, म्हणजे त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती, धरल्या तर ८५. रंगाचा एक आणि नॉर्मलचा एक म्हणजे १७०. स्वस्त फोनवर टॅब स्वतःहून रीलोड होतो आणि लोक नेटवर्कला शिव्या घालतात. २०४८ वर या, एका टेक्स्चरचे १६ एमबी होतात. केटीएक्स२ हा टेक्स्चरचा फाइल-प्रकार वापरला तर जीपीयूतही ते दाबलेलंच राहतं. पिक्सेल रेशो, म्हणजे स्क्रीनच्या एका एककाला किती पिक्सेल रंगवायचे ते, १.५ वर अडकवा, ३ वर चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. आणि पान उघडताना साधा फोटोच द्या. ‘उजेड फिरवून बघा’ दाबल्यावरच बाकीचं उतरू दे.

माडाची_झापां
ह्यां सगळां ठीक आसा, पण गिऱ्हाईक शेवटाक फोनच करता मरे! नंबर चित्रात घातलेलो, बोट लावलां तर लागणा नाय. आणि पावसात स्कूबा बंद, तरी साइटवर बारमास पाणबुडे पोहतत.

शिरोरेषा
विषय थोडा बाजूला, पण त्याच साइटवर मराठी अक्षरं एकेक करून उडत येतात ते कोणीच कसं बोललं नाही? इंग्रजीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट तशीच डकवली की हेच होतं. ‘कुर्ली’ घ्या. कोडपॉइंटवर, म्हणजे संगणकातल्या एकेका सुट्या चिन्हावर, तोडलं की उकार, वेलांटी आणि पाय मोडायची खूण ठिपक्यांच्या गोलाला लटकतात आणि रफार नाहीसा होऊन सुटा ‘र’ उरतो. सेगमेंटर, म्हणजे अक्षरं नीट तोडणारं ब्राउझरचं साधन, वापरला तरी जुन्या ब्राउझरवर ‘कु, र्, ली’ असेच तुकडे पडतात, जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. वर लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं, म्हणजे शिरोरेषेचे तुकडे. ओळ खालून वर सरकवायला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेरचं कापलेलं, आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.१ पट. रफार वरून कापला, उकार खालून.

सुरूबन
म्हणजे मराठीत काही हलवायचंच नाही? मग शिलालेख कोरून ठेवा.

शिरोरेषा
हलवा की! शब्दाने हलवा, ओळीने हलवा. लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट १.६. पानाला भाषा ‘एमआर’ लावा, फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श येतात. हिंदी ‘श’ घालून ‘शहाळं’ विकणारे बघवत नाहीत.

रेंज_नाही
आणि एक. शब्दाचे तुकडे केले की स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तोही तुकडेच वाचण्याची भीती. तुकडे त्याच्यापासून लपवा, अख्खी ओळ वेगळी द्या.

खाडीपलीकडे
धागा दरांवर होता, आठवण करून देतो.

सुरूबन
बरं बाबा, दर पहिल्या स्क्रीनवर, ५५ टक्के थरासकट. व्हिडिओ मात्र राहणार: मूक, पोस्टरसकट (व्हिडिओ सुरू होईपर्यंत दिसणारा फोटो), आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालतो म्हणून थांबवायचं बटणही देतो. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवली आहे त्यांना नुसता फोटो. आता तरी झोप लागेल ना?

खाडीपलीकडे
बोटाने होणारा स्क्रोल साइटने न अडवता मोकळा सोडलात तर लागेल.

माडाची_झापां
आणि जेवणाचो दर येगळो काय, तां पण लिवा. मासे धरून की शाकाहारी, फोनवर पयलो प्रश्न तोच येता.